हूस्टनचं स्थळ, जेएमएफसीची तयारी आणि तो केरळचा जज

प्रश्न: मुलगी बीए एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, जेएमएफसीची (कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेची) तयारी करतेय. आता अमेरिकेतल्या हूस्टनचं स्थळ जमलंय, मुलगा एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे. आमच्या जाऊबाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी पाठवली की केरळचा एक वकील तिकडे जाऊन निवडणूक जिंकून जज झाला. मग हिने इथली तयारी सोडून तिकडेच जज व्हायचं बघावं का? (एक आई, कराड)

ताई नमस्कार,

बातमी खरी आहे, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर येताना तिचा निम्मा भाग गळून पडलाय आणि नेमका तोच तुमच्या कामाचा आहे.

ते गृहस्थ म्हणजे सुरेंद्रन पट्टेल. आडनावावरून गुजराती वाटतात पण माणूस कासरगोडचा. घरची गरिबी, लहानपणी बहिणीबरोबर विड्या वळायचे, दहावीनंतर शिक्षण सुटलं होतं ते पुन्हा धरलं, लॉ करताना खर्चासाठी हॉटेलात काम केलं आणि १९९५ ला कालिकतच्या सरकारी लॉ कॉलेजातून डिग्री घेतली. मग होसदुर्गच्या कोर्टात वकिली, नंतर दिल्लीला सुप्रीम कोर्टात. २००७ ला बायकोला हूस्टनला नर्सची नोकरी लागली म्हणून हे सगळे तिकडे गेले. म्हणजे बघा, विमानातून उतरले तेव्हा गाठीशी दहा वर्षांच्या वर वकिली होती, आणि तरीसुद्धा सुरुवातीला किराणा दुकानात काम करावं लागलं. २००९ ला टेक्सासची (हूस्टन ज्या राज्यात आहे त्याची) बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या परवान्याची परीक्षा पास, २०११ ला तिथलं एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी), २०१७ ला नागरिकत्व, २०२० ला पहिली निवडणूक लढवली ती पक्षांतर्गत फेरीतच हरले, २०२२ ला परत उभे राहिले, आधी आपल्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या खुर्चीवर बसलेल्या जजला हरवलं, मग नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवाराला, आणि जानेवारी २०२३ पासून हूस्टनजवळच्या फोर्ट बेंड काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखी) २४०व्या डिस्ट्रिक्ट कोर्टाचे जज. उतरल्यापासून खुर्चीपर्यंत पंधरा वर्षं गेली हो, आणि त्यांच्या बोलण्याच्या ढंगावरून प्रचारात टीका झाली ती वेगळीच.

आता टेक्सासमध्ये जज होतात कसे ते सांगते, कारण आपल्याकडे हे ऐकूनच लोकांना विचित्र वाटतं. तिकडे डिस्ट्रिक्ट जजची निवडणूक चक्क पक्षाच्या नावावर होते, मार्चमध्ये पक्षांतर्गत फेरी, नोव्हेंबरमध्ये मुख्य, टर्म चार वर्षांची, म्हणजे २०२२ ला निवडून आलेल्याला २०२६ ला परत लोकांपुढे जावं लागतं. मतपत्रिकेवर नावांची लांबलचक यादी, त्यातल्या बहुतेक जजना मतदार ओळखतही नाही, तो शेवटी पक्ष बघूनच टिक करतो. त्यामुळे चांगला कायदा येणारा जज लाट फिरली की घरी जातो आणि लाटेवर कुणीही आत येतो. माझं स्पष्ट मत, ही पद्धत मला पटत नाही, ज्याच्यापुढे पुढच्या आठवड्यात केस लागणार त्याच वकिलाकडून प्रचाराला देणगी घ्यायची हे कसंतरीच वाटतं. पण तिकडे हे कायदेशीर आहे (मर्यादा आहेत, पण आहे) आणि तुमची मुलगी त्या वाटेने जाणार असेल तर तिला हे माहीत पाहिजे. नुसता अभ्यास करून ते पद मिळत नाही, तिथल्या लोकांत मिसळावं लागतं, पक्षाचं काम करावं लागतं, दारोदार जावं लागतं.

आणि पात्रता. अमेरिकन नागरिकत्व पाहिजे, त्या डिस्ट्रिक्टमध्ये दोन वर्षं राहिलेलं पाहिजे, आणि टेक्सासमध्येच वकील किंवा जज म्हणून आठ वर्षं काम पाहिजे. पट्टेल उभे राहिले तेव्हा ही अट चार वर्षांची होती, २०२१ ला मतदारांनी घटनादुरुस्ती करून आठ केली, २०२५ पासूनच्या टर्मना ती लागू आहे. आता तुमच्या जावयाचं बघा. एच-१बीवाल्याच्या बायकोला एच-४ (जोडीदाराचा व्हिसा) मिळतो, त्यावर लगेच नोकरी करता येत नाही, नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाला की मग वर्क परमिटला अर्ज करता येतो. शिकता मात्र येतं, म्हणजे एलएलएम जमेल. पुढे ग्रीन कार्डला (कायम राहण्याच्या परवान्याला) भारतीयांची रांग किती लांब आहे हे जावईच जास्त चांगलं सांगतील, आणि ते मिळाल्यावर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज. त्यामुळे जज व्हायला म्हणून हूस्टनला चाललीय असं कुणी म्हणत असेल तर ते डोक्यातून काढा. लग्नासाठी जातेय, वकील म्हणून उभी राहील, पुढचं पुढे, हे चालेल.

इकडची बाजूही बदललीय बरं का, आणि पत्रात तुम्ही त्याचा उल्लेखच केला नाही म्हणून शंका येते की क्लासवाल्यांनी सांगितलं नसावं. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की सिव्हिल जज ज्युनियर डिव्हिजनच्या, म्हणजे आपल्या जेएमएफसीच्या परीक्षेला बसायला किमान तीन वर्षं वकिली पाहिजे. म्हणजे डिग्री हातात पडली की थेट परीक्षा, हा रस्ता बंद. लग्न न करता इथेच राहिली तरी तीन वर्षं कोर्टात उभं राहायचंच आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की आज जज कुठे व्हायचं हे ठरवूच नका, दोन्हीकडे आधी वकीलच व्हावं लागतंय. रिझल्ट लागला की बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद (वकिलीचा परवाना) काढा, तात्पुरती नोंदणी झाली त्या तारखेपासून ती तीन वर्षं मोजली जातात, त्यामुळे महिना दोन महिने उगाच घालवू नका, आणि ऑल इंडिया बार एक्झाम (वकिली चालू ठेवायला लागणारी परीक्षा) उरकून घ्या. कराडलाच एखाद्या चांगल्या सिनियरकडे लावा, जो तिला नुसत्या तारखा मागायला पाठवणार नाही तर जामीन अर्ज लिहू देईल, एखादी उलटतपासणी करू देईल. वकीलपत्रावर तिचं नाव असू दे, रोजनाम्याच्या (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीच्या) नकला जपून ठेवायला सांगा, कारण पुढे अनुभवाचं सर्टिफिकेट लागतं, ते दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा. टेक्सासच्या बारला अर्ज करतानासुद्धा इथली सनद आणि प्रत्यक्ष काम दाखवता आलं तर उपयोगच होतो. परदेशी लॉ डिग्रीवाल्यांसाठी तिथल्या बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्सचे नियम आहेत ते तिने स्वतः वाचावेत, एजंटच्या तोंडून ऐकू नयेत, आणि लाखो रुपये घालून एलएलएमला अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी वाचावेत. कारण प्रत्येक एलएलएम बारला चालतंच असं नाही.

एक नाजूक गोष्ट विचारते, राग मानू नका. लग्नाची तारीख वर्ष दीड वर्ष पुढे ढकलता येईल का? मुलाकडच्यांशी हे बोलणं झालंय का, की तिचं करिअर हा विषय अजून निघालाच नाही? तिचं स्वतःचं काय म्हणणं आहे तेही तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही. पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, सोबत जावयाचा आय-१४० कुठपर्यंत आलाय तेवढं विचारून कळवा, मग एलएलएम कधी करायचं यावर नीट बोलता येईल.