जज्ज साहेब रिटायरच होत नाहीत?

प्रश्न : नमस्कार वकील साहेब, माझ्या भाच्याला अमेरिकेत सिटिझनशिप मिळाली, शपथ फेडरल जज्जनी दिली आणि ते म्हणे ऐंशीच्या पुढचे होते! तिकडं रिटायर करत नाहीत काय? आणि परीक्षा कुठली असते? मुलगी लॉच्या लास्ट इयरला आहे म्हणून विचारतोय.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : परीक्षा बिरीक्षा काही नाही ओ. फेडरल म्हणजे तिकडच्या केंद्राच्या कोर्टाचे जज्ज, त्यांचं नाव राष्ट्राध्यक्ष देतात, एफबीआय मागची पुढची सगळी चौकशी करते, सिनेटनं हो म्हटलं की झाले जज्ज. घटनेत वयाची अट नाही, लॉची डिग्री पाहिजे असंही लिहिलेलं नाही, नेमतात मात्र मुरलेल्या वकिलांनाच. आणि एकदा बसले की वागणूक नीट आहे तोवर खुर्ची त्यांची, पगारसुद्धा कापता येत नाही. कॅन्ससचे वेस्ली ब्राउन म्हणून होते, १९६२ ला केनेडींनी नेमलेले, २०१२ मध्ये १०४ व्या वर्षी वारले तेव्हाही जज्जच! पासष्टीनंतर काम कमी करून घ्यायची सोय आहे, तुमच्या भाच्याला भेटले ते बहुतेक तसलेच असणार.

इतकं वय होईपर्यंत बसू नये असं माझं मत, पण रिटायर झाल्यावर सरकार काय देतंय इकडं डोळे लावायची वेळ त्यांच्यावर येत नाही हे मात्र बरं. आपल्याकडं हायकोर्टाला ६२, सुप्रीम कोर्टाला ६५, आणि मग कुठलातरी आयोग नाहीतर ट्रिब्युनल. आपल्या भागात हे काय वेगळं सांगायचं, मेहरचंद महाजन १९५४ ला सरन्यायाधीश म्हणून रिटायर झाले, १९६६ ला सीमाप्रश्नाचा आयोग त्यांच्याकडं आला आणि बेळगाव कर्नाटकातच राहू दे म्हणाले. त्यांच्या हेतूबद्दल मी बोलत नाही, पद्धतीबद्दल बोलतोय. बाय द वे, हे महाजन स्वतः फेडरल जज्ज होते बरं का! १९३७ ते १९५० आपल्याकडंही फेडरल कोर्ट होतं, पहिल्या तीन जज्जांत आपले मुकुंदराव जयकर, तेच पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

मुलीचं म्हणाल तर कर्नाटकात सिव्हिल जज्जची परीक्षा हायकोर्ट घेतंय आणि मेन्सला ट्रान्सलेशनचा पेपर असतोय, कन्नडमधला. बोलता येतंय म्हणून भागत नाही, कोर्टाचं कन्नड वेगळंच, तेव्हा आत्तापासूनच तिला कन्नडमधली जजमेंटं वाचायला लावा.