आमचा सहा महिन्यांचा लॅब (लॅब्रॅडोर कुत्रा) येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर उड्या मारतो, परवा शेजारच्या मुलीला नख लागलं. घरचे म्हणतात दोन फटके दिल्याशिवाय सुधारणार नाही. खरंय का?

नाही हो, मारू अजिबात नका. आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो, आमची चिमीपण लॅबच आहे, आता चार वर्षांची झाली. सहा-सात महिन्यांची असताना अगदी हेच करायची, बेल वाजली की धावत जाऊन समोरच्याच्या छातीवर पाय, एकदा आई पोळ्यांचा डबा घेऊन आत येत होती तर पडता पडता वाचली आणि पोळ्या सगळ्या जिन्यात. तेव्हा लक्षात आलं की हे तिला आम्हीच शिकवलंय, पिल्लू होती तेव्हा उडी मारली की लगेच उचलून लाड करायचो ना.

मग असं केलं. उडी मारली की पाठ फिरवायची, हात बांधून गप्प उभं राहायचं, ओरडायचं पण नाही कारण त्यांना तेही लक्ष दिल्यासारखंच वाटतं. चारही पाय खाली टेकले रे टेकले की शाब्बास आणि फुटाण्याएवढा पनीरचा तुकडा, पण त्याच क्षणी, थोडं जरी उशिरा दिलं तरी कशाबद्दल मिळालं हे त्याला कळत नाही. सुरुवातीला उड्या उलट वाढतील, तिथे हार मानू नका. आणि घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं, आमच्याकडे भाऊ गुपचूप लाड करायचा, त्यात महिना वाया गेला. तोपर्यंत पाहुणे यायच्या आधी पट्टा लावून ठेवा.

फिरवताना पट्टा ताणला की जागीच थांबायचं, सैल झाला की चालायचं, एवढंच. पिशवी सोबत ठेवा, २०१७ पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत पहिलं आलेल्या इंदूरसारख्या शहरात आपल्या कुत्र्याची घाण सफाईवाल्या ताईंनी का उचलायची? आणि कोणी प्रेमानं पोहे भरवत असेल तर थांबवा, कांदा कुत्र्यांना विषारी असतो, शिजवलेला पण.

आता त्या मुलीचं. नुसता ओरखडा म्हणून सोडू नका, रक्त आलं नसलं तरी. जखम साबण लावून नळाखाली १५ मिनिटं धुवायची असते, ते झालं नसेल तर आत्ता करा आणि आजच डॉक्टरकडे न्या, तुमच्या कुत्र्याचं लसीचं कार्ड घेऊन तुम्ही स्वतः सोबत जा. कुत्र्याला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचा झाल्यावर देतात, पुढे डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. दिली नसेल तर तिच्या आईवडिलांना खरं सांगा, लपवू नका. डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा, मी बघते.