भागायला बसण्याआधी

२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे का, हे बघायला तुम्ही ३, ५, ७ पासून भागत निघालात. चिकाटी आवडली. पण आधी संख्येची घडण बघा: ती २ च्या ३१व्या घातापेक्षा फक्त १ ने लहान आहे. ३१ मूळ असल्यामुळे तिचा कुठलाही मूळ विभाजक ६२क + १ (क म्हणजे कुठलीही धन पूर्ण संख्या) याच रूपाचा असावा लागतो, शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७च उरते. म्हणजे पहिला मूळ उमेदवार थेट ३११! वर्गमूळ ४६३४१ च्या आत आहे, त्यापुढे जायचं कारणच नाही. गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये याच वाटेनं ती मूळ असल्याचं हातानं दाखवलं. ६२क + १ का, हे मात्र फर्माच्या छोट्या प्रमेयावरून (मूळ संख्या प ने अ ला भाग जात नसेल, तर अ च्या (प − १)व्या घाताला प ने भागल्यावर बाकी १ उरते) स्वतः काढा.