ड्रायव्हर मागं अन् सवारी पुढं, अशी गाडी खरंच होती का?

प्रश्न: दादा, आमची पिठाची गिरणी आहे, सेलूजवळ. मोबाईलवर एका जुन्या फ्रेंच गाडीचा फोटो आला, नाव बेडेलिया, नुसती लांबुळकी होडीच, ड्रायव्हर मागच्या सीटवर अन् सवारी पुढं. दोस्त म्हणतात फोटो एडिट केलाय. गाडी खरी होती का अन् तिचा गिअर कसा टाकायचे?
— एक वाचक, जि. परभणी

उत्तर: भाऊ, गाडी शंभर टक्के खरी. रॉबर्ट बूर्बो अन् आंरी दव्हो या दोघांनी १९१० मध्ये पॅरिसला काढली, दोघांच्या आडनावातलं पहिलं अक्षर फ्रेंचमध्ये बे अन् दे, त्यावरून बेडेलिया.

गिअरचं तुम्हाला लगेच कळंल कारण गिरणीवाले आहात. इंजिन पार पुढच्या टोकाला, मोटरसायकलसारखं हवेवर थंड होणारं, एक नाहीतर दोन सिलिंडरचं, अन् मागच्या चाकांना ताकद जायची ती पट्ट्यानं. गिअरबॉक्स नाहीच. सुरुवातीच्या गाड्यांत ड्रायव्हरनं लिव्हर ओढला की मागचा अख्खा एक्सल सरकायचा, पट्टा ढिला पडायचा, तेवढ्यात पुढं बसलेल्यानं पट्टा या पुलीवरून त्या पुलीवर टाकायचा अन् मग लिव्हर परत, पट्टा ताठ. म्हणजे सवारीला नुसतं बसून चालत नव्हतं, तिला पण काम होतं.

स्टीअरिंग तर अजून साधं. पुढचा एक्सल मधोमध खिळीवर फिरणारा, अन् रहाटाला दोर गुंडाळावा तशी स्टीअरिंगच्या दांड्याला वायर गुंडाळलेली, ती ओढून चाकं वळायची. मला ही गाडी लई आवडते ती ह्याच्यासाठीच, मोटार घेणं ज्यांच्या आवाक्याबाहेर होतं त्यांच्यासाठी ह्या दोघांनी जे जे काढून टाकता येतं ते सगळं काढलं अन् तरी गाडी पळवली!

अशा गाड्यांना सायकलकार म्हणायचे. १९१२ मध्ये त्यांचे आंतरराष्ट्रीय नियम पण ठरले, मोठ्या गटात वजन ३५० किलोपर्यंत अन् इंजिन ११०० सीसीपर्यंत. पहिल्या महायुद्धात काही बेडेलियांवर स्ट्रेचर बसवून जखमी जवान नेले.

पुढं १९२२ मध्ये सिट्रोएनची छोटी ५ सीव्ही आली, चार सिलिंडर, खरा गिअरबॉक्स, बटणावर स्टार्ट, मग पट्टा सरकवत कोण बसणार. बेडेलियानं पण नंतर सीटा शेजारी-शेजारी केल्या, पण १९२५ मध्ये कारखाना बंदच झाला.