तक्ता चोख भरला, तरी मन मानत नाही

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

मी चौतीस वर्षांची आहे. कार्यालयातील बैठकीत बोलायची वेळ आली की छाती धडधडते, आवाज कापतो आणि बोलून झाल्यावर तेच वाक्य रात्री उशिरापर्यंत डोक्यात घोळत राहते. एकदा वरिष्ठांनी सर्वांसमोर माझे बोलणे मध्येच तोडले होते, तेव्हापासून हे वाढले. सध्या सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणे तपासून बदलण्यावर भर देणाऱ्या पद्धतीने समुपदेशन घेत आहे. सात सत्रे झाली. दर आठवड्याला विचारांचा तक्ता भरून नेते आणि समुपदेशक बाई त्याचे कौतुक करतात. खरे सांगायचे तर ‘पर्यायी विचार’ या रकान्यात काय लिहिले की त्यांना समाधान वाटेल, हे मला आता नेमके कळते. लिहिलेले डोक्याला पटते, भीती मात्र तसूभरही हलत नाही. ही सगळी स्वतःची समजूत घालण्याचीच रीत आहे का? सोडून द्यावे का? त्यांना हे सांगितले तर त्या दुखावतील, अशीही धास्ती वाटते.
— तक्ते भरून थकलेली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

उपचार सोडावेत की नाही, हा तुमचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मी देणारच आहे. परंतु तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य तो प्रश्न नव्हे. बाईंना काय आवडेल हे ओळखून तुम्ही रकाना भरता, असे जे तुम्ही ओघात लिहून गेला आहात, तिथे मी बराच वेळ थांबले. कारण सात सत्रांत हाती न लागलेली गोष्ट बहुधा तिथेच आहे.

आधी तक्त्याविषयी. परिस्थिती, भावना आणि तिची शून्य ते शंभरपैकी तीव्रता, त्या क्षणी मनात चमकून गेलेला विचार आणि त्यावरचा विश्वास किती टक्के, त्या विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध बाजूचा पुरावा, पर्यायी विचार आणि शेवटी भावनेची पुन्हा मोजणी, असे त्याचे रकाने असतात. अनेक जण, आणि घाईत असलेले काही समुपदेशकही, पर्यायी विचाराचा रकाना हे या तक्त्याचे गंतव्य मानतात. माझ्या मते त्याचे काम त्याहून बरेच मर्यादित आहे. ‘मी बोलले तर हसे होईल’ हे इतके दिवस वस्तुस्थिती म्हणून वावरणारे वाक्य प्रत्यक्षात एक अंदाज आहे, एवढेच तक्ता दाखवून देतो. अंदाज खरा की खोटा, हे कागदावर ठरत नाही. ते बैठकीतच ठरते. वर्षानुवर्षांची भीती पुराव्याच्या दोन ओळी वाचून ओसरत नाही, यात तुमचे काही चुकलेले नाही. कागदावरचा युक्तिवाद जिंकूनही भीती जागची न हलणे हा या कामातला नेहमीचा अनुभव आहे, आणि पुढची पायरी आता चढायला हवी एवढाच त्याचा अर्थ आहे.

ही स्वतःची समजूत घालणे आहे का, असे तुम्ही विचारता. पर्यायी विचार जर ‘मी छान बोलते, सगळ्यांना माझे बोलणे आवडते’ असा असेल, तर होय, ती समजूतच आहे आणि मन तिला भुलत नाही हे चांगलेच आहे. सीबीटीला गोड विचार नको असतो, खरा विचार हवा असतो. ‘माझा आवाज कधी कधी कापतो, आणि तरीही माझा मुद्दा ऐकला जाऊ शकतो’ हे वाक्य फारसे सुखद नाही, पण ते तपासता येते. त्याच न्यायाने, वरिष्ठांनी तुमचे बोलणे सर्वांसमोर तोडले हा तुमच्या विचारांचा दोष नाही. ते घडले आणि ते अपमानास्पद होते. ते गृहस्थ सर्वांशीच तसे वागत असतील, तर त्यांच्याशी स्पष्ट बोलणे हा त्यावरचा उपाय आहे, तक्ता नव्हे. तपासायचे आहे ते त्या प्रसंगातून तुम्ही काढलेले अनुमान.

माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांची गोष्ट सांगते. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत. बैठकीत बोलण्यापूर्वी ते प्रत्येक वाक्य मनात पाठ करून घेत आणि बोलताना नजर कागदावरून उचलत नसत. त्यांचेही तक्ते निर्दोष असत. मग आम्ही तक्ता बाजूला ठेवला आणि एक प्रयोग आखला. वाक्याच्या मध्यात मुद्दाम थांबायचे, मान वर करायची आणि मग वाक्य पुरे करायचे. प्रयोगाआधी त्यांनी लिहून दिले की लोक एकमेकांकडे पाहतील आणि कोणीतरी ‘तयारी करून येत जा’ असे म्हणेल. विश्वास पंच्याऐंशी टक्के. ‘लोकांना मी मूर्ख वाटेन’ असे लिहू देणे मी टाळले, कारण लोकांना काय वाटले हे डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचा निकाल भीती नेहमी स्वतःच्या बाजूने लावते.

ते थांबले. कोणी काही म्हणाले नाही. समोरच्या एकाने ‘हं, पुढे’ अशी मान हलवली, उरलेल्यांपैकी काही जण आपापल्या फोनमध्ये होते. आता भीती गेली असेल असे तुम्हाला वाटेल. ते मात्र परत आले ते कुरकुरतच. लोक सभ्य आहेत म्हणून गप्प बसले, असे त्यांचे म्हणणे. समुपदेशकाला खरी मौज इथे येते, कारण जुनी समजूत स्वतःचा बचाव कसा करते हे इथे उघड दिसते. आम्ही त्या बचावाशी वाद घातला नाही, त्याचाच पुढचा प्रयोग केला: एका विश्वासू सहकाऱ्याला आधी सांगून ठेवायचे की आज मला बारकाईने पाहा आणि नंतर भीड न ठेवता सांगा. त्या सहकाऱ्याला तो थांबा मुद्दा ठसवण्यासाठी घेतला आहे असे वाटले होते. विश्वास शून्यावर आला नाही, सहसा येतही नाही. पण तो इतका खाली आला की ते कागदाशिवाय बोलू लागले.

वाक्ये पाठ करणे, नजर टाळणे, भरभर बोलून मोकळे होणे, अशा युक्त्यांना आमच्या क्षेत्रात सुरक्षा-वर्तन म्हणतात. सामाजिक भीतीचे जे प्रारूप डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडले, त्यात या युक्त्यांना मध्यवर्ती स्थान आहे. संकट टळले ते युक्तीमुळे, असा निष्कर्ष मन काढते आणि मुळात संकट नव्हतेच हे शिकण्याची संधी हुकते. शिवाय लक्ष सगळे आत वळलेले असते. छातीची धडधड इतकी मोठी जाणवते की ती समोरच्यालाही ऐकू जात असणार, असे वाटू लागते. म्हणून या उपचारात कधी कधी व्यक्तीचे बोलणे ध्वनिचित्रित करून तिला दाखवतात. आतून जाणवलेला कंप आणि पडद्यावर दिसणारा कंप यांत बहुतेकांना मोठी तफावत आढळते. तुमच्या बाईंना याविषयी अवश्य विचारा.

आता पुन्हा तुमच्या त्या वाक्याकडे. समोरची व्यक्ती कशाने समाधान पावेल हे ओळखायचे, तसे निर्दोष काही तिच्या हाती द्यायचे आणि तिच्या नाराजीला वावच ठेवायचा नाही. बैठकीतही तुम्ही हेच करता ना? मला असे दिसते की तुमचा चोख तक्ता हेच तुमचे सर्वांत पक्के सुरक्षा-वर्तन आहे. ‘मी चूक काढायला जागा ठेवली नाही, तरच लोक मला स्वीकारतील’ असा काहीसा नियम बैठकीतून समुपदेशनाच्या खोलीतही तुमच्याबरोबर आला आहे. हा दोषारोप मानू नका. आज्ञाधारक अशील समुपदेशकाला सुखावतो, त्यामुळे हे त्यांच्याही नजरेतून सुटणे शक्य आहे.

गंमत अशी की या उपचारपद्धतीच्या उगमाशीही असाच एक न बोललेला विचार आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक हे १९६० च्या सुमारास मनोविश्लेषणाच्या रीतीने काम करीत असत. मनात येईल ते सर्व सांगायचे, असा त्या रीतीचा दंडक. तरीही त्यांची एक रुग्ण बोलत असतानाच तिच्या मनात दुसराच प्रवाह वाहत होता: आपल्या बोलण्याने डॉक्टरांना कंटाळा येत असेल. विचारल्यावरच तो बाहेर आला. असे झटकन येणारे, सहसा न उच्चारले जाणारे विचार बेक यांनी इतर रुग्णांतही शोधले आणि त्यांतूनच ही पद्धत उभी राहिली. ‘बाई दुखावतील’ हा तुमचा विचार त्याच जातीचा आहे. तो सत्राबाहेरची अडचण नाही. सत्रात आणण्याजोगी सर्वांत उपयुक्त सामग्री आहे.

म्हणून, सोडू नका. निदान हे सांगितल्यावाचून सोडू नका. सीबीटीचा क्रम बारा ते वीस सत्रांचा असणे सामान्य आहे, तेव्हा सातव्या सत्रानंतर आढावा मागणे अवेळी ठरत नाही. सत्राच्या अखेरीस अशिलाला प्रतिक्रिया विचारणे हा या पद्धतीचा ठरलेला भाग आहे. पण तोवर धीर खचेल, म्हणून सुरुवातीलाच सांगा. ‘मी तक्ता तुम्हाला आवडेल असा भरते आणि भीती तशीच आहे, आता मला बैठकीत काही करून पाहायचे आहे’ एवढे पुरे. हे ऐकून त्यांनी कुतूहल दाखवले, तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात. त्या चिडल्या, किंवा ऐकून घेऊन पुन्हा नुसता कोरा तक्ता हाती देत राहिल्या, तर दुसरा समुपदेशक शोधण्यात गैर काही नाही. झोप सलग बिघडू लागली, कशातच रस वाटेनासा झाला किंवा जगणे नको असे विचार येऊ लागले, तर मात्र या सगळ्याची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांना भेटा.

पुढच्या सत्राला जाण्याआधी एक नोंद करा. परिस्थितीच्या जागी ‘बाईंना खरे सांगणे’ असे लिहा. त्या नेमके काय म्हणतील, त्यांचा चेहरा कसा होईल, पुढच्या वेळी त्या कशा वागतील हे अंदाज दिसण्याजोग्या शब्दांत उतरवा आणि प्रत्येकासमोर टक्केवारी टाका. पर्यायी विचाराचा रकाना या खेपेस भरू नका. सांगताना आवाज कापला तर कापू द्या, वाक्य पाठ करून जाऊ नका, आणि त्यांनी प्रत्यक्षात काय केले ते सत्र संपल्यावर त्या अंदाजांशेजारी लिहून काढा.