आधी नावं, मग सजावट

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला स्क्रॅपबुक करतेयस, छान. पण रंगीत टेपा आणि स्टिकर सध्या पिशवीतच राहू देत. आधी आजीजवळ बैस आणि फोटोंतल्या माणसांची नावं विचार.

आपल्याकडे घराण्याची आठवण म्हणजे मुळात नावंच. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघ. गाव, आडनाव, कोण आलं, कुणाचा मुलगा. जुन्या नोंदी मोडी लिपीत. फोटो एकही नाही, तरी खापरपणजोबा सापडतात. पुढे कुलवृत्तांत, म्हणजे घराण्यांच्या वंशावळींचे ग्रंथ, छापले गेले. त्यांत मुलग्यांच्या शाखा पानंच्या पानं, आणि मुलगी सासरी गेली की तिची ओळ बहुधा तिथेच खुंटलेली. मला ते फार खटकतं. तुझ्या वहीत आजीचं माहेर आलंच पाहिजे.

मग स्टुडिओतले फोटो आले. काळ्या जाड पानांवर कागदी कोपऱ्यांत खोचलेले ते फोटो अजून धड आहेत, कारण त्यांना डिंक लागलाच नाही. घात केला तो नंतरच्या, प्लास्टिकचा पापुद्रा असलेल्या चिकट पानांच्या अल्बमांनी. (पाणी लावलं की चिकटणाऱ्या पानांच्या वहीचं पेटंट अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने १८७३ मध्येच घेतलं होतं, खळीचा वैताग जुनाच!) या अल्बमांचा डिंक पिवळा पडतो आणि फोटो सोडत नाही. म्हणून ओढाओढ नको. आधी अख्खं पान मोबाइलवर टिपून घे, मग दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकव. नाहीच निघाला तर राहू दे. नावं फोटोमागे कडेला, मऊ पेन्सिलीने लिही. बॉलपेनचा दाब पुढून दिसतो. आणि वहीत शक्यतो प्रतीच लाव, मूळ फोटो कापू नकोस.

व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आकसलेले असतात. नातेवाइकांना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांग.

आजी बोलायला लागली की रेकॉर्डिंग चालू ठेव. एका चेहऱ्यावरून ती तिसऱ्याच कुणाच्या भांडणावर जाईल, अडवू नकोस. एखादं नाव आठवलं नाही, तर 'नाव माहीत नाही' असंच लिही. अंदाजाने ठोकून दिलेलं नाव पुढची पिढी खरं मानते.

समारंभात वही पाहुण्यांत फिरव, सोबत पेन्सिल ठेव. आजीच्या चुलत बहिणी दुरुस्त्या केल्याशिवाय राहणार नाहीत.

तुझी,
मावशी