मनगटावरची गाठ फोडावी का?

प्रश्न : माझं वय २९. उजव्या मनगटाच्या मागच्या बाजूला चार महिन्यांपासून वाटाण्याएवढी गाठ आहे. मनगट खाली वाकवलं की उठून दिसते, तळहातावर भार दिला की दुखते. मध्यंतरी जवळजवळ दिसेनाशी झाली होती. घरचे म्हणतात, जाड पुस्तक मारून फोडून टाक. हा कॅन्सर तर नसेल?

उत्तर : कॅन्सरची गाठ सहसा अशी कमी-जास्त होत नाही. जागा, वय आणि लक्षणं पाहता हा गँगलिअन असावा. म्हणजे सांध्याच्या आवरणातून आलेली, जेलीसारख्या दाट द्रवाची पिशवी. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च गाठीला बाजूने टेकवून पाहा. गाठ उजळली तर आत द्रव आहे. उजळली नाही किंवा शंका राहिली तर सोनोग्राफी करावी.

पुस्तक मारू नका. पिशवी फुटून गाठ बसते खरी, पण सांध्याला जोडलेला तिचा देठ तसाच राहतो आणि ती पुन्हा भरते. शिवाय हाडाला इजा होऊ शकते. सुईने द्रव काढल्यावरही अनेकदा याच कारणाने गाठ परत येते. शस्त्रक्रियेत देठासकट काढतात, तरी काहींना ती पुन्हा होते. बऱ्याच गाठी आपोआप जिरतात, त्यामुळे घाई नको. सध्या तळहातावर भार टाकणारे व्यायाम थांबवा. दुखेल तेव्हा मनगटपट्टा लावा, पण सतत नको. त्याने स्नायू कमजोर होतात.

हीच गाठ तळहाताच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत असेल तर शेजारीच नाडीची रक्तवाहिनी असते. तिथे सुई टोचणं धोक्याचं.

प्रत्येक गाठ मात्र गँगलिअन नसते. हाताच्या पाठीवर, तर्जनी-मधल्या बोटाच्या हाडांच्या मुळाशी दगडासारखा टणक उंचवटा असेल तर ते बहुधा वाढलेलं हाड, एक्स-रेत कळतं. बोटावरची भरीव, हळूहळू वाढणारी गाठ स्नायुबंधाच्या आवरणाची असू शकते. ती बहुतेक निरुपद्रवी असते, पण तपासून घ्यावी. अनामिकेखाली तळव्यात गाठ येऊन कातडी आत ओढली जात असेल तर डुपिट्रेनचा, म्हणजे तळव्याच्या कातडीखालचा पडदा जाड होऊन आकसण्याच्या आजाराचा, विचार करावा. उतारवयात नखाच्या मुळाशी पाणीदार फोड येतो, नखावर खाच पडते. तो घरी टोचला तर जंतुसंसर्ग थेट सांध्यात जाऊ शकतो.

गाठ भराभर वाढली, रात्री दुखू लागली, बोटं बधिर झाली किंवा पकड कमी झाली तर अस्थिरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा. गाठ धडधडत असेल तरीही. ती लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी जा.